विश्लेषण : छतावर सौर पॅनेल आहेत, तरी वीज गेली की फ्रिज बंद का पडतो?

छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्या घरांची संख्या राज्यात झपाट्याने वाढते आहे. वीजबिल शून्यावर आल्याचे समाधान मोठे असते. पण पहिल्या वादळी पावसात डीपीवर फॉल्ट होतो, गावाची वीज जाते आणि बाहेर लख्ख ऊन पडल्यावरही या घरांतील फ्रिज बंदच राहतो. ‘पॅनेल आपली, ऊन फुकटचे, मग फ्रिज का चालत नाही’, हा प्रश्न तेव्हा हमखास विचारला जातो. फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, विक्रीची मासळी असेल किंवा दुधाच्या पिशव्या असतील, तर हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. लहान घरगुती सौर यंत्रणेवर फ्रिज खरोखर चालू शकतो का, त्यासाठी काय लागते आणि खर्चाचा मेळ बसतो का, याचा आढावा.

हा विषय आताच महत्त्वाचा का?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ जाहीर केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर यंत्रणा बसवण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद अशी तिची व्याप्ती आहे. १ किलोवॉटच्या यंत्रणेला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. त्यापाठोपाठ राज्य सरकारने ‘स्मार्ट’, म्हणजेच स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या ५ लाख कुटुंबांच्या छतावर १ किलोवॉटपर्यंतची यंत्रणा बसवण्याचा तिचा हेतू आहे.

म्हणजे आता सौर पॅनेल बंगलेवाल्यांपुरती उरलेली नाहीत. दोन खोल्यांच्या घरांवरही ती येत आहेत. अशा घरात दिवे, पंखे आणि टीव्हीनंतर सर्वात महत्त्वाचे उपकरण म्हणजे फ्रिज. दिवस-रात्र, बाराही महिने जोडलेले राहणारे हे घरातील बहुधा एकमेव यंत्र. त्यामुळे लहान सौर यंत्रणेकडून काय अपेक्षा ठेवता येते आणि काय नाही, याची खरी परीक्षा फ्रिजच घेतो.

वीज गेली की सौर यंत्रणाही का थांबते?

अनुदानित योजनांतून बसणाऱ्या बहुतांश यंत्रणा ‘ऑन-ग्रिड’ असतात. त्यांत बॅटरी नसते. पॅनेलमधून येणारी डीसी वीज इन्व्हर्टर एसीमध्ये बदलतो आणि घरातील वायरिंगमध्ये सोडतो. घराची गरज भागून उरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते आणि तिची नोंद नेट मीटरवर होते. रात्री घर पुन्हा वाहिनीतून वीज घेते. देवाण-घेवाणीचा हिशेब बिलात होतो.

हा इन्व्हर्टर स्वतःच्या बळावर वीजपुरवठा उभा करत नाही. वाहिनीतील व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहून तो तिच्याशी ताल जुळवतो. वाहिनी मृत झाली की त्याने तत्काळ थांबणे सुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याचे कारण सरळ आहे. फॉल्ट शोधण्यासाठी खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असे समजून तारेला हात लावतो. त्याच वेळी एखाद्या छतावरून वीज उलटी तारेत येत राहिली, तर त्याच्या जिवावर बेतेल.

दुसरे कारण तांत्रिक आहे. पॅनेलची निर्मिती ढगाच्या एका तुकड्यानेही क्षणात निम्म्यावर येते. फ्रिजला मात्र स्थिर वीज लागते. वाहिनी असताना कमी-जास्त झालेली वीज ती भरून काढते. वाहिनी नसेल तर हे काम बॅटरीलाच करावे लागते. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने किनारपट्टीवर तीच वेळ आणली. अशा वेळी निव्वळ ऑन-ग्रिड यंत्रणा छतावर असून नसल्यासारखी असते.

फ्रिजला मुळात वीज किती लागते?

बहुतेकांच्या समजापेक्षा कमी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलवर फ्रिजचा वार्षिक वीजवापर युनिटमध्ये छापलेला असतो. त्याला ३६५ ने भागले की रोजचा वापर मिळतो. लेबलवर १८० हा आकडा असलेला एकदारी फ्रिज कागदावर रोज अर्धा युनिट वीज घेतो. पण स्वयंपाकघरातील उकाडा, वारंवार उघडले जाणारे दार आणि कोमट असतानाच आत ठेवलेली भांडी धरली, तर उन्हाळ्यात हा वापर पाऊण ते ०.८ युनिटपर्यंत जाऊ शकतो. दोनदारी, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला एक युनिट वा त्याहून अधिक वीज लागते. पंधरा-वीस वर्षांचा जुना फ्रिज, दाराचे रबर सैल झालेले असेल तर, त्याच्या दुप्पटही वीज खातो.

महाराष्ट्रात १ किलोवॉट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज देतात. नव्या एकदारी फ्रिजची महिन्याची गरज २४ युनिटच्या घरात. म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी पाहिली, तर १ किलोवॉटच्या यंत्रणेवर असे पाच फ्रिज चालायला हवेत. विक्रेते हेच गणित मांडतात आणि ते खोटेही नाही. मात्र ते वर्षभराच्या युनिटचे गणित आहे. मध्यरात्री दोन वाजता फ्रिजला वीज कुठून मिळणार, याचे उत्तर त्यात नाही.

कॉम्प्रेसर सुरू होताना नेमके काय होते?

साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालताना साधारण १०० वॉट वीज घेतो. मात्र थांबलेली मोटर पुन्हा फिरू लागते, तेव्हा क्षणभर तिला नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह लागतो. म्हणजे १०० वॉटच्या फ्रिजसाठी इन्व्हर्टरला क्षणभर ६००-७०० वॉटचा झटका सोसता यायला हवा. दिवसातून कित्येक वेळा हे घडते. घरातील पंखे, टीव्ही आधीच चालू असतील, तर लहान इन्व्हर्टर याच क्षणी ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडतो. २०० वॉटचा इन्व्हर्टर १०० वॉटचा फ्रिज चालवील, ही समजूत इथे फसते.

दुसरा मुद्दा विजेच्या प्रतीचा. स्वस्त इन्व्हर्टर ‘स्क्वेअर वेव्ह’ प्रकारचे असतात. त्यांवर दिवे, मोबाइल चार्जर चालतात, पण मोटर गुणगुणते, तापते आणि तिचे आयुष्य घटते. फ्रिजसाठी ‘प्युअर साइन वेव्ह’ इन्व्हर्टरच हवा.

‘इन्व्हर्टर कॉम्प्रेसर’ असलेल्या नव्या फ्रिजमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. हा कॉम्प्रेसर एकदम पूर्ण वेगाने सुरू होत नाही. तो हळूहळू वेग घेतो आणि थंडाव्याच्या गरजेनुसार मंद गतीने चालत राहतो. त्यामुळे सुरुवातीचा झटका जवळपास नाहीसा होतो आणि एकूण वापरही घटतो. इथे नावाचा घोळ होतो. फ्रिजवर ‘इन्व्हर्टर’ लिहिलेले असले, म्हणजे तो वीज नसताना आपोआप चालतो, असा अर्थ होत नाही. ते केवळ त्याच्या कॉम्प्रेसरच्या तंत्राचे नाव आहे.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये आणखी एक छुपा भार असतो. कॉइलवर साचलेला बर्फ वितळवण्यासाठी त्यात हीटर असतो. दिवसातून एक-दोनदा तो काही मिनिटे चालतो आणि कॉम्प्रेसरपेक्षाही जास्त वीज घेतो. लहान बॅटरीवर फ्रिज चालवायचा असेल, तर साधा एकदारी फ्रिज या कारणासाठीही सोयीचा ठरतो.

रात्र काढायला बॅटरी किती लागते?

घराघरांत दिसणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेची ट्यूब्युलर बॅटरी उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात कागदावर १.८ युनिट वीज मावते. मात्र लेड-ॲसिड बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली, तर ती लवकर बाद होते. ती टिकवायची असेल तर निम्मीच वापरावी, म्हणजे ०.९ युनिट. डीसीची एसी करताना होणारी गळती वजा केली, की हाती उरते सुमारे ०.८ युनिट.

आता मागणी पाहू. सायंकाळी ५ ते सकाळी ९ या सोळा तासांत पॅनेलचा फारसा उपयोग नसतो. रोज ०.८ युनिट घेणारा फ्रिज या काळात ०.५ युनिटच्या थोडे पुढे जातो. इन्व्हर्टर स्वतःही काही वीज खातो. त्याला काहीही जोडलेले नसले, तरी १५ वॉटच्या हिशेबाने सोळा तासांत पाव युनिट संपते. दोन्ही मिळून बेरीज पाऊण युनिटच्या पुढे जाते.

म्हणजे एका बॅटरीवर फक्त फ्रिज जेमतेम एक रात्र निघतो. त्याच बॅटरीवर ७० वॉटचा पंखा आठ तास चालवला, तर आणखी अर्धा युनिट लागतो आणि पहाटेपूर्वीच इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’चा इशारा देऊ लागतो. बॅटरीचे व्होल्टेज खाली आलेले असताना कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो, त्या झटक्याने व्होल्टेज आणखी पडते, इन्व्हर्टर बंद होतो, काही वेळाने पुन्हा सुरू होतो. हे चक्र रोज रात्री घडत राहिले, तर बॅटरी आणि कॉम्प्रेसर दोघांनाही ते मारक ठरते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीमधील ८० टक्क्यांहून अधिक वीज रोज वापरता येते. तिला पाणी घालावे लागत नाही आणि ती चार्ज-डिस्चार्जची चक्रेही कितीतरी जास्त सोसते. सुरुवातीची किंमत मात्र अधिक असते. जुन्या इन्व्हर्टरला ती जोडण्यापूर्वी त्याच्या चार्जरमध्ये लिथियमसाठीची सोय आहे की नाही, हे तपासणे आवश्यक असते.

पॅनेल किती लागतील आणि पावसाळ्यात काय?

वरील उदाहरणात फ्रिजचे ०.८ आणि इन्व्हर्टरचे चोवीस तासांचे सुमारे ०.३५ युनिट मिळून रोजची गरज १.१५ युनिट होते. बॅटरी चार्ज होताना आणि रिकामी होताना होणारी गळती धरली, तर पॅनेलकडून रोज दीड युनिट मिळायला हवेत. बाजारात सध्या सर्रास मिळणारे ५५० वॉटचे एक पॅनेल स्वच्छ उन्हात सुमारे दोन युनिट देते. म्हणजे सोलापूर, बीड वा जळगावच्या उन्हाळ्यात एका पॅनेलवर एक लहान फ्रिज चालतो. अर्थात त्यावर दुसरे काहीही जोडलेले नसेल तरच.

कसोटी पावसाळ्याची असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये सलग चार-पाच दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशा दिवशी पॅनेलची निर्मिती निम्म्याहूनही खाली जाते. तिथे दोन पॅनेल आणि दोन बॅटऱ्या ठेवूनही वीज कमी पडण्याचे दिवस येतातच. महावितरणची वाहिनी, शेजारचा जनरेटर किंवा ‘या चार दिवसांत फ्रिज बंद’ अशी मानसिक तयारी, यांपैकी एक काही तरी गृहीत धरावेच लागते. चार दिवसांच्या ढगांसाठी बॅटऱ्या वाढवत नेल्या, तर वर्षातील उरलेले दिवस ती क्षमता नुसती पडून राहते.

इथे एक सापळाही आहे. ५५० वॉटचे पॅनेल ४० व्होल्टच्या आसपास काम करते, तर बॅटरी १२ व्होल्टची असते. मध्ये स्वस्त ‘पीडब्ल्यूएम’ चार्ज कंट्रोलर लावला, तर पॅनेल ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणले जाते. प्रवाह तेवढाच, साधारण १३ अँपिअर राहतो. म्हणजे ५५० वॉटच्या पॅनेलमधून पावणेदोनशे वॉटच्या आसपासच वीज पदरात पडते. शिवाय भार नसताना हे पॅनेल ५० व्होल्टच्या घरात जाते आणि स्वस्त कंट्रोलरची मर्यादा ओलांडून तो जळू शकतो. अशा जोडणीत ‘एमपीपीटी’ प्रकारचाच कंट्रोलर हवा. तो जादा व्होल्टेजचे जादा प्रवाहात रूपांतर करतो. ‘पॅनेल मोठे घेतले तरी बॅटरी भरत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे सापडते.

खर्चाचा मेळ बसतो का?

फ्रिजसाठी महिन्याला लागणारे २४ युनिट सर्व आकार धरून युनिटला ७ रुपये दराने मोजले, तर बिलातील त्यांचा वाटा १७० रुपयांच्या आसपास येतो. दुसरीकडे ट्यूब्युलर बॅटरीची किंमत १५ हजार रुपये आणि आयुष्य पाच वर्षे धरले, तर केवळ बॅटरीची झीज महिन्याला २५० रुपये होते. पॅनेल, कंट्रोलर, इन्व्हर्टर आणि डिस्टिल्ड वॉटर वेगळेच.

याचा अर्थ असा की, जिथे महावितरणची वीज बऱ्यापैकी नियमित आहे, तिथे बिल वाचवण्यासाठी फ्रिज बॅटरीवर चालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तिथे ऑन-ग्रिड पॅनेलच फायद्याची. दिवसा वाहिनीत दिलेली वीज रात्री हिशेबात परत मिळते आणि वाहिनीच बॅटरीचे काम करते. बॅटरीचा खर्च करायचा तो वीज गेल्यावर होणारे नुकसान टाळण्यासाठी. ते नुकसान किती, हे प्रत्येक घराने आपले आपण ठरवायचे. उरलेल्या भाजी-आमटीसाठी पंधरा-वीस हजार रुपये घालवण्यात अर्थ नाही. मासळी विकणाऱ्या बाईच्या दिवसाच्या मालाचा किंवा महिन्याभराच्या इन्सुलिनचा प्रश्न असेल, तर उत्तर वेगळे येते.

विजेच्या वेळेलाही आता किंमत येऊ लागली आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्याचे धोरण २०२५ पासून लागू झाले. महावितरणच्या बहुवर्षीय दरप्रस्तावातील वेळेनुसार हिशेबाच्या मुद्द्यावरून त्या वर्षाच्या सुरुवातीला छतावरील सौर ग्राहकांत चिंताही पसरली होती. दिवसाची आणि रात्रीची वीज भविष्यात एकाच मोलाने मोजली जाईलच असे नाही, हा त्यातील धडा. तसे झाले, तर बॅटरीचे गणित पुन्हा मांडावे लागेल.

ऑन-ग्रिडवाल्यांना फ्रिजची सोय करता येते का?

येते. पहिला मार्ग ‘हायब्रिड’ इन्व्हर्टरचा. त्याला पॅनेल, वाहिनी आणि बॅटरी तिन्ही जोडता येतात. वीज गेली की तो घराला वाहिनीपासून तोडतो आणि बॅकअपची वेगळी वायर सुरू ठेवतो. फ्रिज, दोन दिवे आणि एक पंखा एवढेच त्या वायरवर घेतले, तर लहान बॅटरीही पुरते. दिवसा पॅनेल बॅटरी भरत राहतात, त्यामुळे वादळानंतर आठ दिवस वीज आली नाही, तरी ऊन पडताच फ्रिज चालू राहतो. मात्र पीएम सूर्यघर योजनेतील अनुदान सौर क्षमतेवर मिळते. बॅटरीमुळे ते वाढत नाही. तो भार ग्राहकाच्या खिशावरच असतो.

दुसरा मार्ग अधिक स्वस्त. ऑन-ग्रिड यंत्रणेला हात न लावता घरातील नेहमीच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर फ्रिजचा सॉकेट घ्यायचा. चार-सहा तासांच्या भारनियमनाला किंवा फॉल्टला एवढे पुरते. दीर्घकाळ वीज गेली, तर बॅटरी भरायला काहीच नसते, ही त्याची मर्यादा.

दोन्ही मार्गांत एक काळजी समान आहे. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतील वायूचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी पुन्हा वीज मिळाली, तर मोटर अडकते आणि तापते. वीज सारखी येत-जात असेल, तर ‘टाइम डिले’ असलेला स्टॅबिलायझर लावलेला बरा. नव्या इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये ही सोय बहुधा आतच असते.

बॅटरी न वाढवता काही करता येते का?

फ्रिज हीच एक बॅटरी आहे, फक्त ती वीज नव्हे तर थंडावा साठवते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. दुपारी ऊन भरपूर असताना बर्फाच्या कप्प्यात एक-एक लिटरच्या तीन बाटल्या गोठवल्या, तर रात्री त्या वितळताना पाव युनिटहून अधिक ऊर्जेएवढी उष्णता आतच शोषली जाते आणि कॉम्प्रेसरला काही तास कमी काम पडते. बाटल्या काठोकाठ भरायच्या नाहीत, कारण पाणी गोठताना फुगते. रिकाम्या फ्रिजपेक्षा पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला फ्रिज वीज गेल्यावर जास्त वेळ गार राहतो, त्याचेही कारण हेच.

हे तत्त्व आरोग्य क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. वीज नसलेल्या भागांतील आरोग्य केंद्रांसाठी पूर्वी बॅटरीवर चालणारे सौर फ्रिज दिले जात. मात्र काही वर्षांत बॅटऱ्या बाद होत, नव्या मिळत नसत आणि फ्रिज पडून राहत. या अनुभवातून ‘सोलर डायरेक्ट ड्राइव्ह’ फ्रिज पुढे आले. त्यांत पॅनेल थेट कॉम्प्रेसरला जोडलेली असतात. ऊन असताना आतील बर्फाचे किंवा थंड पाण्याचे आवरण तयार होते आणि रात्री तेच लसींना गार ठेवते. जागतिक आरोग्य संघटना अशा फ्रिजची तपासणी करून त्यांना मान्यता देते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिसणारे ‘आयएलआर’, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेले फ्रिज, हेही साठवलेल्या थंडाव्यावरच वीज नसलेले तास निभावतात. ही यंत्रे घरगुती वापरासाठी महाग आहेत, पण त्यांनी दाखवलेली दिशा घरातही उपयोगी पडते. थंडावा दिवसा साठवावा आणि रात्री पुरवून वापरावा.

वीज गेल्यावर दार बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तास अन्न सुरक्षित ठेवतो, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. दूध, मांस, मासळी आणि शिजवलेले अन्न ४ अंशांच्या वर जास्त वेळ राहिले, की त्यात जंतू वाढू लागतात. न उघडलेल्या इन्सुलिनलाही २ ते ८ अंशांचे तापमान लागते. पण ते गोठले तर निकामी होते, त्यामुळे बर्फाला टेकवून ठेवणे धोक्याचे. काही शे रुपयांत मिळणारा फ्रिजचा थर्मामीटर अशा घरांत महागड्या बॅटरीइतकाच मोलाचा ठरतो.

कोणत्या घराला काय योग्य?

शहरात किंवा वीज क्वचित जाणाऱ्या गावात साधी ऑन-ग्रिड यंत्रणा पुरेशी आहे. फ्रिजचा खर्च ती हिशेबात भरून काढते. वारंवार वीज जाणाऱ्या किंवा वादळाच्या पट्ट्यातील घरात ऑन-ग्रिडबरोबर फक्त फ्रिजपुरता बॅकअप घ्यावा आणि छतावरील यंत्रणा अजून बसायची असेल, तर हायब्रिडचा विचार आधीच करावा. नंतर इन्व्हर्टर बदलणे महागात जाते. मेळघाट, गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यांवर आणि गावापासून दूर शेतावरील घरात वाहिनीच नसेल, तर पॅनेल, एमपीपीटी कंट्रोलर, बॅटरी आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर हा पूर्ण संच लागतो. तिथे सुरुवात पॅनेलपासून नव्हे, तर फ्रिजपासून करावी. जुना फ्रिज रोज एक युनिट जास्त खात असेल, तर तो एक युनिट पुरवण्यासाठी पॅनेल आणि बॅटरी दोन्ही वाढवावी लागतात. त्यापेक्षा कमी वापराचा नवा फ्रिज अनेकदा स्वस्त पडतो.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. वीज गेल्यावर ही यंत्रणा चालू राहील का, आणि राहिली तर कोणत्या सॉकेटवर? इन्व्हर्टर किती वॉटचा क्षणिक झटका सोसतो? भार नसताना तो स्वतः किती वीज घेतो? बॅटरीची क्षमता किती तासांच्या दराने मोजलेली आहे? बॅटरीवरील अँपिअर-अवरचा आकडा दहा तासांच्या दराने, म्हणजे ‘सी-१०’ने मोजलेला असेल आणि तोच आकडा दुसऱ्या बॅटरीवर ‘सी-२०’ने लिहिलेला असेल, तर पहिली बॅटरी प्रत्यक्षात अधिक क्षमतेची असते. या उत्तरांची नोंद कोटेशनवर लेखी असावी.

अनुदानाच्या योजनांनी छतावर पॅनेल आणण्याचे काम सोपे केले आहे. मात्र त्यांच्या जाहिरातींत बिल शून्य होण्याची चर्चा जेवढी होते, तेवढी ‘वीज गेली की ही यंत्रणा थांबेल’ या एका वाक्याची होत नाही. ते वाक्य अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक छापले, तर ग्राहकाला बॅकअपचा निर्णय पॅनेल बसण्याआधीच घेता येईल आणि पहिल्या वादळात फसवणूक झाल्याची भावनाही येणार नाही.